मागितलं म्हणून देऊ नका, दिलं म्हणून ठेवू नका

१८ ऑक्टोबर २००७ रोजी इंग्लंडच्या ईशान्येकडच्या वॉशिंग्टन नावाच्या गावातून, तिथल्या महसूल खात्याच्या कार्यालयातून, दोन सीडी लंडनला रवाना झाल्या. त्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयात जायच्या होत्या. त्या तिथे पोचल्या नाहीत आणि पुढे कधीच सापडल्या नाहीत. देशभरात बालभत्ता घेणाऱ्या कुटुंबांची सगळी नोंद त्यांच्यावर होती. सुमारे अडीच कोटी माणसांची नावं, पत्ते, जन्मतारखा, राष्ट्रीय विमा क्रमांक आणि बँक खात्यांचे तपशील दोन चकत्यांवर मावले होते. पाकीट खात्याच्या अंतर्गत डाकेनं गेलं होतं, त्याची कुठे नोंद नव्हती. सीडींना पासवर्ड होता, पण आतली माहिती एन्क्रिप्ट केलेली नव्हती. पाकीट मिळालं नाही असं कळल्यावर तीच माहिती पुन्हा पाठवली गेली. या वेळी नोंदणी करून पाठवली आणि ती पोचली. पहिल्या पाकिटाची बातमी खात्याच्या वरिष्ठांपर्यंत जायला ८ नोव्हेंबर उजाडला. अर्थमंत्री अलिस्टर डार्लिंग यांनी संसदेत निवेदन केलं ते २० नोव्हेंबरला. खात्याचे प्रमुख पॉल ग्रे यांनी पद सोडलं.

या प्रकरणातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लेखापरीक्षकांनी एवढं मागितलंच नव्हतं. पत्ते आणि बँकेचे तपशील वगळून यादी द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. पण ते रकाने गाळण्यासाठी बाहेरच्या संगणक कंपनीला जादा पैसे मोजावे लागले असते, म्हणून जे होतं ते सगळं उचलून पाठवलं गेलं. यात कुणी कुलूप फोडलं नाही, कुणी हॅकर आला नाही. रोजचं काम रोजच्यासारखं उरकलं गेलं, एवढंच.

आपल्याकडचा प्रसंग मार्च २०१७ चा आहे. महेंद्रसिंग धोनीच्या कुटुंबाची आधार नोंदणी अद्ययावत करून दिल्याचा आनंद एका सरकारी सेवा यंत्रणेनं ट्विटरवर छायाचित्रांसह साजरा केला, आणि त्यात धोनीच्या माहितीचा अर्जही झळकला. धोनीच्या पत्नी साक्षी यांनी तेव्हाचे माहिती तंत्रज्ञानमंत्री रविशंकर प्रसाद यांना उघड जाब विचारला. आधार प्राधिकरणानं संबंधित केंद्रचालक संस्थेला दहा वर्षांसाठी काळ्या यादीत टाकलं. तक्रार करणारी व्यक्ती प्रसिद्ध होती म्हणून काही तासांत कारवाई झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये झारखंड सरकारच्या एका संकेतस्थळावर लाखो निवृत्तिवेतनधारकांचे आधार क्रमांक उघडे पडले. त्या म्हाताऱ्या माणसांच्या वतीनं मंत्र्यांना जाब विचारणारं घरात कुणी नव्हतं. हा लेख अशा माणसांसाठी, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी आहे.

माहितीची गळती बहुतेक वेळा दोन क्षणी ठरते. पहिला क्षण म्हणजे गरजेपेक्षा जास्त घेतली जाते तो. दुसरा म्हणजे गरज संपल्यावरही ती ठेवली जाते तो. चोर येतो तो यानंतर. आणि महाराष्ट्रात आपण या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना असतो. हॉटेलच्या काउंटरवर आपण देणारे असतो. घरी आल्यावर आपल्यातलाच कुणी सोसायटीचा सेक्रेटरी असतो, कुणी पतसंस्थेचा संचालक, कुणी क्लास चालवणारा, कुणी ट्रेकिंग ग्रुपचा आयोजक. म्हणून सल्ला दोघांनाही हवा.

देणाऱ्यासाठी

कुणीही ओळखपत्राची प्रत मागितली की तीन प्रश्न विचारायचे: कशासाठी हवी आहे, दुसरा कुठला पुरावा चालेल, आणि काम झाल्यावर प्रतीचं काय करणार? आवाज चढवायची गरज नाही. बहुतेक ठिकाणी समोरच्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसतं. "सगळेच देतात" किंवा "फॉर्ममध्ये आहे" असं तो म्हणतो. तिथेच आपल्याला वाव मिळतो. वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र चालेल का, नुसतं दाखवून भागेल का, असं विचारलं की अनेकदा भागतं.

आधारच द्यावं लागलं तर मास्क्ड आधार द्या. माय-आधार संकेतस्थळावरून किंवा एम-आधार ॲपवरून डाउनलोड करताना हा पर्याय निवडला की पहिले आठ अंक झाकलेले आणि शेवटचे चारच दिसणारी प्रत मिळते. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयानं हाच सल्ला जाहीरपणे दिला होता: हॉटेलं आणि चित्रपटगृहांसारख्यांना आधारच्या झेरॉक्स देत सुटू नका. दोनच दिवसांत केंद्र सरकारनं गैरसमज होईल म्हणून ते पत्रक मागे घेतलं. माझ्या मते सल्ला बरोबर होता आणि मागे घेतला ते चुकलं. लोकांना कधी नव्हे ती सोप्या शब्दांत खबरदारी सांगितली गेली होती. पत्रक गेलं तरी मास्क्ड आधारची सोय आजही आहे.

डाउनलोड केलेल्या आधार फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. हे सगळ्यांना माहीत आहे, आणि ज्याच्याकडे तुमचा एखादा फॉर्म आहे त्याच्याकडे ही दोन्ही असतात. त्यामुळे त्या पासवर्डच्या भरवशावर फाइल इकडेतिकडे पाठवू नका.

झेरॉक्सवर सही करताना रिकाम्या कोपऱ्यात करू नका. छपाईच्या मजकुरावरून आडवं लिहा: "फक्त अमुक ठिकाणी भाडेकरारासाठी", खाली तारीख, मग सही. चेहरा आणि नाव वाचता येईल इतकी काळजी घ्या. यानं चोरी थांबत नाही, पण ती प्रत दुसऱ्या कामाला वापरणं अवघड होतं, आणि वाद झाला तर ती कुठून बाहेर गेली ते सांगता येतं.

झेरॉक्सच्या दुकानाविषयी आणि सेतू केंद्राविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण मला सर्वांत जास्त काळजी तिथली वाटते. प्रिंट काढायची म्हणून आपण दुकानाच्या नंबरवर आधार, पॅन, मुलाचा जातीचा दाखला, आईचे वैद्यकीय रिपोर्ट पाठवतो. प्रिंट हातात आली की पैसे देऊन निघतो. फाइल मात्र दुकानाच्या संगणकावरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये राहते. तिथे आपल्याआधी आलेल्या कित्येकांच्या फाइली आधीच पडून असतात. दुकानदार वाईट नसतो, त्याला पुढचं गिऱ्हाईक बघायचं असतं. प्रिंट झाली की त्याला समोरच फाइल काढून टाकायला सांगा, रिसायकल बिनमधूनही. आपल्या बाजूनं व्हॉट्सॲपचा संदेश "सर्वांसाठी" डिलीट करा, पण तेवढ्यानं त्याच्याकडे डाउनलोड झालेली प्रत जात नाही हे लक्षात ठेवा. बिघडलेली झेरॉक्सही मागून घ्या. ती तिथल्या टोपलीतून रद्दीत जाते आणि रद्दीचा कागद कुठे कुठे फिरतो ते आपण भेळेच्या पुड्यावर पाहिलेलं आहे.

दुकानात बिल करताना मोबाइल नंबर मागतात. तो दिल्याशिवाय बिल होत नाही असं म्हणत असतील तर ते चूक आहे. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुकानदारांना बजावलं होतं की नंबरसाठी अडून बसणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. "नंबर द्यायचा नाही, बिल करा" एवढं सांगणं पुरेसं आहे. मुलींना आणि बायकांना तर हे आवर्जून सांगा. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिचार्ज दुकानांतून मुलींचे नंबर विकले जात असल्याच्या बातम्या आल्या होत्या. नंबर बाहेर गेल्यावर रात्री-अपरात्री येणाऱ्या फोनची किंमत दुकानदाराला नाही, तिला मोजावी लागते.

बोटांचे ठसे

पासवर्ड बदलता येतो, नंबर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही. २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्यानं नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून खरेदीखतं उतरवून घेतली. त्यांवरच्या अंगठ्यांच्या ठशांवरून त्यानं शिक्के बनवले आणि हजारो सिमकार्डं चालू केली. पुढे हीच युक्ती आधारवरून पैसे काढण्याच्या व्यवस्थेत वापरली गेली. गावोगावी बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढता येतात, त्याला ओटीपी लागत नाही, आणि म्हणूनच ठसा चोरीला गेला की खातं उघडं पडतं.

आपल्याकडे भाडेकरार ऑनलाइन नोंदवताना फोटो आणि अंगठे घेतले जातात. तयार झालेली करारपत्राची पीडीएफ मग एजंटकडून घरमालकाला, घरमालकाकडून सोसायटीच्या सेक्रेटरीला, आणि कधी कधी समितीच्या अख्ख्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते. भाडेकरूंनो, एजंटला आधीच सांगा की करार मला आणि मालकालाच ईमेलनं पाठव. सोसायटीला भाडेकरूचं नाव, करार कधीपासून कधीपर्यंत, आणि पोलिसांना कळवल्याची पोच एवढं पुरतं. अंगठ्यांच्या ठशांची पानं तिला कशाला हवीत?

आणि बायोमेट्रिक लॉक करा. माय-आधारवर किंवा एम-आधारमध्ये ही सोय फुकट आहे. ठसे लागतील तेव्हा तात्पुरते उघडता येतात. घरात रेशन अंगठ्यावर घेतलं जात असेल तर दुकानात जाण्याआधी ते उघडावं लागेल. ज्या आजी-आजोबांना हे दर महिन्याला जमणार नाही, त्यांच्यासाठी बँकेच्या शाखेत जाऊन आधारवरून पैसे काढण्याची सोय त्यांच्या खात्यापुरती बंद करता येते का, ते लेखी विचारा. शिवाय आपलं आधार कुठे कुठे पडताळलं गेलं याची गेल्या सहा महिन्यांची यादी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. दिवाळी आणि गुढीपाडवा, असे दोन दिवस त्यासाठी ठरवून टाकले तरी चालेल.

दवाखान्याच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. रिपोर्ट कुणाच्या नंबरवर जाणार ते नोंदणीच्या वेळीच ठरवा आणि तेवढाच नंबर द्या. रुग्णाची माहिती बाहेर न सांगणं हा डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेचा, २००२ च्या विनियमांचा, भाग आहे. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि तो संस्थांनाही बांधतो. मानसिक आजाराच्या गोपनीयतेचा हक्क त्याच वर्षाच्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. रिसेप्शनवर मोठ्या आवाजात निदान विचारलं जात असेल तर "हे मी आत डॉक्टरांशी बोलेन" असं सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

कायदा कुठवर साथ देतो

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं, न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमुखानं सांगितलं. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. तोवरचा काळ तयारीचा आहे, संस्थांच्याही आणि आपल्याही.

या कायद्यात आपल्या कामाच्या काही गोष्टी आहेत. माहिती कशासाठी घेतो ते संस्थेनं स्पष्ट कळवलं पाहिजे, आणि ती सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत मिळायला हवी. म्हणजे मराठीत मागता येते. मागाच. दिलेली संमती परत घेता येते, माहिती दुरुस्त करून किंवा पुसून मागता येते. गळती झाली तर संस्थेनं ती या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाला आणि ज्यांची माहिती गेली त्या प्रत्येकाला कळवायची आहे. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

मला अस्वस्थ करणाऱ्याही दोन गोष्टी यात आहेत. एक, कागदावरच राहिलेली माहिती या कायद्याच्या कक्षेत नाही. वॉचमनच्या टेबलावरचं उघडं रजिस्टर, त्यातलं प्रत्येक पाहुणीचं नाव आणि मोबाइल नंबर, हे सगळं बाहेरच राहतं. रजिस्टरचा फोटो काढला की मात्र ती डिजिटल माहिती होते. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. दंड सरकारी तिजोरीत जातो, ज्याचं नुकसान झालं त्याला या कायद्याखाली भरपाई नाही. आजवर ती वाट माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये होती, आणि नवा कायदा पूर्ण लागू झाला की ते कलम जाणार आहे. तोपर्यंत ते शाबूत आहे. बँकेचा तपशील, वैद्यकीय नोंदी, बोटांचे ठसे अशी संवेदनशील माहिती एखाद्या कंपनीच्या किंवा व्यावसायिक फर्मच्या निष्काळजीपणामुळे बाहेर जाऊन नुकसान झालं, तर राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे दावा करता येतो. या कायद्याखाली ते न्यायनिर्णय अधिकारी असतात आणि पाच कोटींपर्यंतचे दावे ऐकू शकतात. ही वाट नुसती कागदावर नाही. पुण्यातल्या एका उद्योगाच्या खात्यातून फसवणुकीनं पैसे गेले, तेव्हा त्या प्रकरणात २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या सचिवांनी पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला होता. नुकसान झालेल्यांनी मे २०२७ पर्यंत वाट पाहत बसू नये.

माहिती फुटल्याचं कळलं तर

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, आणि बँकेला लेखी. हा क्रम काही मिनिटांत पुरा झाला पाहिजे, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी थोपवता येतात ते सुरुवातीलाच. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना तुमची ना बँकेची, यंत्रणेत दुसरीकडेच झालेली असेल, आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर भुर्दंड येत नाही. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा.

पैसे गेले नसतील तरी शांत बसू नका. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच कळवता येतो. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पतअहवाल फुकट मिळतो. न घेतलेलं कर्ज आपल्या पॅनवर आहे का ते त्यात कळतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका कर्ज देणाऱ्या ॲपवरून आपल्या पॅनवर कर्ज काढल्याचं अनेकांना असंच पतअहवाल पाहताना कळलं होतं. त्यांत अभिनेत्री सनी लिओनीही होती.

मग संस्थेला पत्र लिहा. फोनवर बोलणं पुरेसं नाही, पोच हवी. पत्रात चारच गोष्टी विचारा: माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, त्यातली कोणती बाहेर गेली, कधी गेली आणि तुम्हाला कधी कळलं, आणि पुढे काय करणार. उत्तर टाळलं गेलं तर तेही पुढे पुरावा म्हणून कामाला येतं. नव्या कायद्यातही मंडळाकडे जाण्याआधी संस्थेकडे तक्रार केलेली असणं आवश्यक आहे, म्हणून ही सवय आत्ताच लागलेली बरी.

ठेवणाऱ्यासाठी

सोसायटी, मंडळ, क्लास किंवा पतसंस्था चालवणाऱ्यांना कळकळीनं सांगतो: तुमच्याकडे असलेली प्रत्येक झेरॉक्स ही तुमच्यावरची जबाबदारी आहे. सभासद नोंदवहीत कायद्यानं जे लागतं ते ठेवावंच लागेल. पण ट्रेकला आलेल्या पन्नास जणांची आधार कार्डं तीन वर्षांनंतर आयोजकाच्या फोनमध्ये असण्याचं कारण नाही. आपत्कालीन नंबर आणि रक्तगट ट्रेकपुरते हवेत, ते ट्रेक संपल्यावर काढून टाका. क्लासच्या भिंतीवर मुलींच्या फोटोखाली शाळेचं नाव छापता, तिथे मोबाइल नंबर किंवा पत्ता येणार नाही याची खात्री करा. पाहुण्यांच्या रजिस्टरवर आधीची नोंद झाकणारा पुठ्ठा ठेवायला काहीच खर्च येत नाही.

समिती बदलते तेव्हा सर्वाधिक गोंधळ होतो. चेकबुक, शिक्के, मिनिट बुक यांची देवघेव यादी करून होते. जुन्या सेक्रेटरीच्या घरच्या लॅपटॉपवर असलेली सभासदांची एक्सेल शीट, त्याच्या खासगी ईमेलमधले भाडेकरार, आणि सोसायटीच्या सीसीटीव्हीचा त्याच्या फोनमधला पासवर्ड यांचा त्या यादीत उल्लेख नसतो. पाच वर्षांनी अशा तीन-चार माजी पदाधिकाऱ्यांच्या घरांत सगळ्या इमारतीची माहिती पडून असते. त्यातला एखादा लॅपटॉप विकला जातो, एखादा फोन दुरुस्तीला जातो.

गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. विषयपत्रिका निघण्याआधी सेक्रेटरींना पुढील ठराव लेखी द्या, पोच घ्या, आणि सूचक-अनुमोदक आधीच बोलून ठेवा: "संस्थेकडील सभासद व भाडेकरू यांच्या ओळखपत्रांच्या ज्या प्रती कायद्याने ठेवणे आवश्यक नाही, त्या समितीतील दोन सदस्यांच्या उपस्थितीत नष्ट करण्यात याव्यात. उर्वरित प्रती कुलूपबंद कपाटात ठेवाव्यात व किल्ली कोणाकडे आहे याची नोंद करावी. भाडेकराराची प्रत व्हॉट्सॲप समूहावर टाकू नये. समिती बदलताना मावळत्या पदाधिकाऱ्यांनी आपल्या खासगी संगणक, फोन व ईमेलमधील संस्थेची माहिती नव्या समितीकडे सोपवून आपल्याकडील प्रत काढून टाकल्याचे लेखी द्यावे, आणि सीसीटीव्ही व संगणकाचे सर्व पासवर्ड त्याच दिवशी बदलण्यात यावेत."